फेरेट : घरात राहणारा बिळातला शिकारी

फेरेटचे चित्र प्रथमच पाहणारा मुलगा बहुधा म्हणतो, "हे तर मुंगूस!" लांबट अंग, आखूड पाय, निमुळते तोंड, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मुंगूस हे मांजर व तरस यांच्या बाजूचे, तर फेरेट पाणमांजराच्या कुळातला. शिवाय मुंगूस वन्य प्राणी असल्याने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते घरी बाळगता येत नाही. फेरेट मात्र कुत्र्या-मांजरासारखा माणसाळवलेला प्राणी आहे. युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने तो दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी तयार केला. काम एकच : ससे हुसकावणे. बिळाच्या तोंडांवर जाळी लावायची, एका तोंडातून फेरेट आत सोडायचा, की घाबरलेला ससा दुसरीकडून जाळ्यात!

ब्रिटन, अमेरिका, जपान या देशांत आज तो हौसेने पाळला जातो. त्याच्याबरोबर राहायचे म्हणजे बिळात वावरणाऱ्या शरीराबरोबर राहायचे. शर्टाची बाही, कपाटामागची फट, गादीखालची पोकळी ही सर्व त्याच्या दृष्टीने बिळेच. दिवसाचे १४ ते १८ तास तो झोपतो. जागा झाला की मोजे, किल्ल्या, जे सापडेल ते ओढत नेऊन कोपऱ्यात साठवतो. त्याच्या शास्त्रीय नावातील 'फ्युरो' हा शब्द 'चोर' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आला आहे. हे सारे गमतीचे वाटते. पण खोडरबराचा किंवा चपलेचा तुकडा त्याने गिळला तर तो आतड्यात अडकतो, आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास प्राणी दगावतो.

आतड्याचा विषय निघालाच आहे, तर तो नीट पाहू. सशासारख्या शाकाहारी प्राण्यात लहान व मोठे आतडे मिळतात तेथे एक मोठी पिशवी असते. तीत सूक्ष्म जंतू वनस्पतींचे तंतू कुजवून पचवतात. फेरेटला ही पिशवी मुळीच नाही. आतडेही आखूड. खाल्लेले अन्न अवघ्या तीन-चार तासांत बाहेर पडते. एवढ्या वेळात पोळी, भात, फळे पचणार कशी? म्हणून त्याला मांसच लागते आणि तेही दिवसातून अनेक वेळा, थोडे थोडे. ज्या घरात मांस येत नाही, त्या घराने हा प्राणी पाळू नये, हे उत्तम.

भूक सतत लागण्यास दुसरेही कारण आहे. कणकेचे दोन सारखे गोळे घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्याची लांब वळी करा. कोणते लवकर सुकते? वळी. वजन तेच, पण तिचा पृष्ठभाग जास्त. फेरेटचे शरीर म्हणजे अशी वळीच. तिच्यातून उष्णता भराभर निघून जाते व ती भरून काढण्यास अन्न लागते.

"मग उकाड्यात तो सुखी असेल!" असे तुम्ही म्हणाल. नेमके उलट घडते. त्वचेतून उष्णता बाहेर जाते ती हवा शरीरापेक्षा थंड असेपर्यंतच. हवा तापली की आपण घामावर विसंबतो. फेरेटच्या घर्मग्रंथी अगदी दुबळ्या, वर दाट केस. त्यामुळे ३० अंश सेल्सियसच्या आसपासच त्याला उष्माघाताचा धोका असतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो; तेथे वीज गेलेली एक दुपार त्याच्या जिवावर बेतू शकते.

न्यूझीलंडमध्ये धोका त्याच्यापासून इतरांना आहे. सशांच्या बंदोबस्तासाठी १८८० च्या दशकात तेथे फेरेट सोडले गेले. त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचाही फडशा पाडला. २००२ पासून तेथे त्यांची विक्री व पैदास बंद आहे.

शेवटी एक गोष्ट शाळेतील प्रत्येक सर्दी-तापाशी संबंधित आहे. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या शास्त्रज्ञांनी फ्लूच्या रुग्णाच्या घशातील धुवण बारीक गाळणीतून गाळले. त्या गाळणीतून जीवाणू पार होत नाहीत. तरीही ते द्रव नाकात सोडताच फेरेट आजारी पडले. माणसाचा फ्लू विषाणूमुळे होतो, हे असे सिद्ध झाले. पुढे आजारी फेरेटपासून खुद्द विल्सन स्मिथ यांनाच फ्लू झाला! माणसाच्या श्वसनमार्गातील पेशींवर फ्लूचा विषाणू जेथे चिकटतो, तशाच जागा फेरेटमध्येही असतात. म्हणून घरात कोणाला फ्लू झाला, तर त्याने फेरेटला जवळ घेऊ नये. त्याला खाऊ घालण्याचे काम बरे होईपर्यंत दुसऱ्याकडे द्यावे. आणि फेरेट शिंकू लागला, तर माणसांनीही तोंड दूर ठेवावे.