पडत्या बाजारात ऑप्शन विकणाऱ्याची शांतता

शेअर बाजार कोसळताना शांत राहणे हा स्वभावाचा नव्हे, सौद्याच्या आकाराचा आणि बांधणीचा भाग आहे. त्याचा निकाल बहुधा आदल्या दिवशीच लागलेला असतो. जळगाव-धुळ्याकडे ऑप्शन विकून दरमहा ठरावीक उत्पन्न काढून देतो असे सांगणारे गेल्या काही वर्षांत बरेच झाले. कापसाचे, केळीचे आणि दुकानाच्या गल्ल्यातले पैसे त्या वाटेने गेले. पडझड झाली की हेच लोक ग्राहकालाच घाबरट ठरवतात. हा आरोप किती खोटा आहे हे आकड्यांवरून तपासता येते.

लोकसभा निवडणुकीच्या एक्झिट पोलनंतर ३ जून २०२४ रोजी निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू असताना तो २१,२८१.४५ पर्यंत घसरला आणि शेवटी २१,८८४.५० वर, म्हणजे १,३७९ अंक खाली, बंद झाला. समजा, एखाद्याने ३ जूनला ६ जूनच्या एक्स्पायरीचा २२,५०० चा पुट १०० रुपयांना विकला होता. तेव्हा लॉट २५ चा होता. २० लॉटचे ५०,००० रुपये हाती आले. नीचांकाला त्याच पुटची नुसती आंतरिक किंमत १,२१८ रुपयांवर गेली, म्हणजे ५०० नगांना ६ लाख ९ हजार. बाजार बंद होताना तीच रक्कम ३ लाख ८ हजार होती. ६ जूनला निफ्टी २२,८२१.४० वर बंद झाला आणि पुट शून्य झाला.

तोटा कोणाचा किती झाला, हे या तीन आकड्यांपैकी कोणत्या वेळी सौदा कापला गेला त्यावर ठरले. आणि बहुतेकांच्या बाबतीत ती वेळ त्यांनी निवडलेली नव्हती. बाजारातली धास्ती वाढली की मार्जिन वाढते. खात्यात शिल्लक नसेल तर ब्रोकरची जोखीम यंत्रणा सौदा परस्पर कापते. तिथे ग्राहकाच्या धैर्याला विचारतो कोण?

प्रस्तुत लेखकाच्या जळगावच्या खात्यात नेमके हेच घडले. सौदा सुचवणाऱ्या मध्यस्थाने हेज, म्हणजे बचावाचा खालचा पुट, घ्यायला नको म्हटले होते, कारण हेजचा खर्च गेला की महिन्याचा आकडा लहान दिसतो. मतमोजणीच्या सकाळी त्याचा फोन लागेना. दुपारी लागला तेव्हा तो म्हणाला, ‘भाऊ, शांत राहा, बाजार वर येतो.’ त्या वेळी स्क्रीनवर पुटांसमोर शून्य नग दिसत होते. सौदे आधीच नीचांकाजवळ कापले गेले होते आणि तोट्याची रक्कम लाल अक्षरांत स्थिर झाली होती. ६ जूनला पुट शून्यावर गेल्यावर तोच मध्यस्थ ओळखीच्यांना सांगू लागला की भाऊंनी घाबरून सौदा कापला. ब्रोकरच्या नोंदीत मात्र सौदा यंत्रणेने कापल्याचे स्वच्छ लिहिलेले आहे.

शून्य झालेल्या पुटावरून ‘धरून बसले की सुटते’ असा नियम काढणे मात्र घातक ठरेल. ६ मार्च २०२० ला निफ्टी १०,९८९ वर होता; २३ मार्चला तो ७,६१० वर बंद झाला. त्या २३ तारखेला सकाळी १० टक्क्यांचे सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटे थांबले, आणि सुरू झाल्यावर बाजार आणखी पडला. दिवसअखेरची घसरण सुमारे १३ टक्के होती. सर्किटमध्ये बाहेर पडायला दारच नसते.

म्हणून सौदा हाती आलेल्या प्रीमियमवर मोजू नये. वरच्या उदाहरणात ५०,००० रुपये मिळाले, पण जबाबदारी ५०० नगांच्या निर्देशांकाची, म्हणजे सुमारे १ कोटी १६ लाखांची होती. निफ्टी उद्या सकाळीच १० टक्के खाली गेला तर खात्याचे काय होईल, हा हिशेब सौदा टाकण्यापूर्वी कागदावर करावा. उत्तर घरच्यांना सांगता येत नसेल तर लॉट कमी करावेत. २२,५०० चा पुट विकताना २२,००० चा पुट विकत घेतला असता तर २० लॉटला तोटा अडीच लाखांच्या पुढे जाऊच शकला नसता, आणि मार्जिनही कमी लागले असते. हेज आधी विकत घ्यावा, मग विक्री करावी. बाहेर पडताना विकलेला पुट आधी सोडवावा. निवडणूक निकाल किंवा अर्थसंकल्पाच्या दिवशी उघडी विक्री ठेवूच नये. फोनवर ब्रोकरचा ऑर्डर घेणारा क्रमांक जतन असावा, कारण ॲप नेमके त्याच दिवशी अडते. शांत झोप, व्यायाम वगैरेही उपयोगाचे आहेत, पण मार्जिन कमी असताना त्यांनी काही वाचत नाही.

घाबरून पुट विकत घेणाराही सुटत नाही. ४ जून २०२४ ला बाजारातली धास्ती मोजणारा इंडिया व्हिक्स २६ च्या वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी २० च्या खाली आला. महागात घेतलेल्या पुटांची हवा एका रात्रीत गेली. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या १० पैकी ९ हून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. ठरावीक उत्पन्नाची हमी देणाऱ्याला हा आकडा विचारावा.

सब-ब्रोकरला, म्हणजे अधिकृत व्यक्तीला, ग्राहकाचे खाते स्वतःच्या मर्जीने चालवता येत नाही. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नयेत, नातेवाइकालाही नाही. आपण न दिलेली ऑर्डर कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दिसली तर त्याच दिवशी ब्रोकरला लेखी कळवावे. ऑर्डर ग्राहकाचीच होती याचा पुरावा ब्रोकरने दाखवायचा असतो. दाद न मिळाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’वर आणि पुढे ‘स्मार्ट ओडीआर’वर तक्रार करता येते. तोंडी आश्वासनांचा तिथे उपयोग होत नाही, म्हणून मध्यस्थाचे संदेश पुसू नयेत. उरलेला तोटा विवरणपत्रात धंद्याचा तोटा म्हणून दाखवावा. विवरणपत्र मुदतीत भरले तर तो पुढची ८ वर्षे धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो.