रोजच्या रोज वेचावयाचा मान्ना

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३-२१, प्रेषितांची कृत्ये १७:१०-१२



अरण्यात इस्राएल लोकांना परमेश्वराने मान्ना दिला, तेव्हा एका दिवसास पुरेल इतकाच प्रत्येकाने वेचावा, अशी आज्ञा होती. ज्यांनी तो दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. महिनाभराचे धान्य एकदम देणे देवाला अवघड होते काय? मुळीच नाही. परंतु आपल्या लोकांनी रोज सकाळी आपल्याकडे यावे, अशी त्याची इच्छा होती.

आता आपल्या घराकडे पाहू. सिल्लोड, कन्नड, भोकरदन या भागांतील खेड्यांत पुष्कळ ख्रिस्ती घरांची रीत अशी आहे की, रविवारी उपासनेत शास्त्र ऐकावे आणि घरचे पुस्तक फडक्यात बांधून पेटीत ठेवावे. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला किंवा उपदेशक आजारी पडले, म्हणजे त्या आठवड्यात घराला वचनाचा उपास घडतो. रविवारी भाकर खाल्ली, आता शनिवारपर्यंत भूक नाही, असे कोणी शेतकरी म्हणतो काय? मग आत्म्याला असे उपाशी का ठेवावे?

यात फार मोठी हानी आहे. कपाशी हातची जाते, मूल तापाने फणफणते, लग्नकार्यात भाऊबंद विश्वासावरून टोचून बोलतात. अशी वेळ उपदेशक येईपर्यंत थांबत नाही. जे वचन रोज मुखी असते, तेच त्या वेळी आठवते. पेटीतले आठवत नाही.

बिरुया येथील लोकांचे उदाहरण घ्या. त्यांना उपदेश करणारा खुद्द पौल होता. तरी तो सांगतो ते तसेच आहे की काय, हे ते दररोज शास्त्रात शोधून पाहत. यात पौलाचा अपमान झाला नाही. उलट त्या लोकांची थोरवीच लिहून ठेवली आहे. म्हणून जी मंडळी स्वतः वाचते, ती आपल्या उपदेशकाचा मान कमी करीत नाही, तर त्याचे हात बळकट करिते.

आपल्या भाषेत हे पुस्तक सहज आलेले नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठी नवा करार १८११ साली छापिला. पुढे पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्याभोळ्या माणसांनाही समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. हे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या. आणि वाचनाचे फळ पाहावयाचे असेल, तर नारायण वामन टिळकांकडे पाहावे. आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने त्यांच्या हाती शास्त्र दिले. टिळक ते वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरून ठेविले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता सवय कशी लावावी, ते पाहू.

पहिले, वेळ ठरलेली असावी. सकाळी शेतावर निघण्यापूर्वी किंवा रात्री जेवणे झाल्यावर, अशी रोजच्या कामाला जोडलेली वेळ चुकत नाही. सवड मिळाली म्हणजे वाचू, असे म्हणणाऱ्यास सवड कधीच मिळत नाही.

दुसरे, भाग लहान असावा. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस एकेक अध्याय वाचला, तर बरोबर ५२ आठवड्यांत तो पुरा होतो. ज्यास इतकेही जड वाटते, त्याने दहा ओव्या वाचाव्या. अजिंठ्याची लेणी आपल्याला दूर नाहीत. तो कठीण कातळ एका दिवसात कोरला गेला नाही, छिन्नी रोज चालली.

तिसरे, मोठ्याने वाचावे. घरात आजीला अक्षर येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या नातवाने तिला वाचून दाखवावे. हल्ली मोबाइलवरही शास्त्र ऐकावयास मिळते. त्याचाही उपयोग करावा. ऐकल्यावर प्रत्येकाने एक गोष्ट सांगावी व एक लहान प्रार्थना करावी.

चौथे, एखादा दिवस चुकला तर खचू नये. कापूस वेचणीच्या घाईत असे होते. चुकलेले सर्व अध्याय एका रात्रीत उरकण्याचा हट्ट धरू नये. आजचा भाग आज वाचावा. स्कॉटलंडातील पाळक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराचा वाचनक्रम तयार केला. परंतु त्याबरोबरच त्यांनी धोकेही सांगून ठेविले: वाचन नुसता रिवाज होऊ शकते, वाचणाऱ्यास आपल्या धार्मिकपणाचा गर्व चढू शकतो, आणि कित्येकांना ते जोखडासारखे जड होऊ शकते. पाने मोजणे हा आपला हेतू नव्हे. प्रभूचा शब्द ऐकून त्याप्रमाणे वागणे, हा आहे.

उपदेशक बंधूंनो, दोन शब्द तुमच्यासाठी. केवळ रविवारच्या उपदेशासाठी शास्त्र उघडण्याचा मोह आपणा सर्वांस होतो. दुसऱ्यांना वाढता वाढता स्वतः उपाशी राहणारा आचारी किती दिवस टिकेल? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? उपदेशासाठी नव्हे, तर स्वतःच्या जिवासाठी रोज थोडे वाचा. भेटीस गेलेल्या घरी, गेल्या वेळी काय सांगितले, असे विचारू नका. आज घरात काय वाचले, असे प्रेमाने विचारा.

ज्याने अरण्यात रोज सकाळी अन्न पुरविले, तो आपलीही ओंजळ रिकामी ठेवणार नाही. आज रात्रीच पेटीतले पुस्तक बाहेर काढू या.

या आठवड्याचे वाचन (मार्क) : सोमवार १:१-२०, मंगळवार १:२१-४५, बुधवार २:१-१२, गुरुवार २:१३-२८, शुक्रवार ३:१-१९, शनिवार ३:२०-३५.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
१. मान्ना एकाच दिवसापुरता का दिला गेला?
२. बिरुयाच्या लोकांनी पौलाचे म्हणणे कसे पारखले?
३. तुमच्या घरात वाचनास कोणती वेळ सोईची आहे, आणि मोठ्याने कोण वाचील?