फाइल आहे, तरी प्रोग्राम ‘नाही’ म्हणतो

हळदीच्या हंगामात वसमतच्या मोंढ्यात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. नेमक्या त्याच दिवसांत एका अडत दुकानातून मला बोलावणं आलं. पट्ट्या निघत होत्या, पण शेतकऱ्यांनी आधी घेतलेली उचल त्यातून वजाच होत नव्हती. ‘लाल वहीत असं कधी झालं नाही,’ मुनीमजी म्हणाले. खरंच होतं ते.

दुकानाचा हिशेबाचा प्रोग्राम पायथॉनमधला. ‘शेतकऱ्यांची उचल’ ही फाइल आहे का बघ, नसेल तर नवी बनव, असं त्यात लिहिलेलं. फोल्डर उघडला तर या नावाच्या दोन फायली! एकीत सगळा हिशेब, दुसरी कोरी.

गोम ‘ऱ्या’मध्ये होती. युनिकोडमध्ये हे अक्षर तीन तऱ्हांनी लिहिता येतं: स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, ‘र’ला नुक्ता देऊन, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह टाकून. डोळ्यांना तिन्ही सारखीच. संगणकाच्या लेखी तीन निरनिराळी नावं. कुणीतरी दुसऱ्या कीबोर्डवरून फाइलचं नाव पुन्हा टाइप केलं, प्रोग्रामला जुनं नाव सापडेना, आणि त्यानं मुकाट्यानं कोरी फाइल बनवली. कोऱ्या फाइलीत उचल शून्य.

अक्षरांची रूपं एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशननं पहिली दोन रूपं एक होतात, तिसरं होत नाही. म्हणून मराठी फाइलीच्या आत लिहा, नाव रोमनमध्येच ठेवा. जिवावर येतं, पण इलाज नाही.

फाइल आहे का, हे पायथॉनच्या ‘एक्झिस्ट्स’ फंक्शनला विचारण्याच्या भानगडीतही पडू नका. फोल्डरात शिरायची परवानगी नसली तरी ते ‘नाही’ म्हणतं, आणि त्या नावाचा फोल्डर असला तरी ‘आहे’. शिवाय विचारणं आणि उघडणं यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या काउंटरवरून फाइल हलू शकते. सरळ उघडा. नसेल तर येणारी एरर पकडा, कोणत्या फोल्डरात शोधलं ते स्क्रीनवर स्पष्ट मराठीत दाखवा आणि काम तिथंच थांबवा. नवी फाइल मुद्दाम बनवायची असेल तर ‘एक्स’ मोड वापरा. २०१२च्या पायथॉन ३.३ पासून तो आहे. फाइल आधीच असेल तर तो नकार देतो. ‘डब्ल्यू’ मोड मात्र न विचारता जुना मजकूर पुसतो.

तुमच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये ‘नसेल तर नवी बनव’ अशी ओळ असेल, तर हळद मोंढ्यात येण्याआधी ती काढून टाका.