क्विंटलमागे सव्वापाचशे

बेटा, तुमच्या शेतकरी कंपनीने तुला 'आयात धोरणाचा कापूस बाजारावर परिणाम' लिहायला सांगितलंय म्हणे. लिही. पण मी तीस वर्षं जिनिंगमध्ये वह्या लिहिल्या, तर चार गोष्टी ऐकून ठेव.

आधी पेन्सिल घे. एक क्विंटल कापूस रेचला की साधारण 34 किलो रुई, 64 किलो सरकी, 2 किलो घट. आयात शुल्क लागतं ते रुईवर, सरकीवर नाही. आता बाहेरची रुई बंदरात खंडीला 50,000 रुपये पडते असं धर. 11 टक्के शुल्क म्हणजे 5,500. खंडी 356 किलोची, म्हणजे किलोला साडेपंधरा रुपये. 34 किलोंचे सव्वापाचशे. शुल्क उठलं आणि सगळा भार शेतकऱ्याच्याच डोक्यावर आला, तरी या दराने क्विंटलमागे एवढंच. 2025 च्या ऑगस्टमध्ये सरकारने हे शुल्क उठवलं, तेव्हा पारावर कोणी म्हणे काहीच फरक पडत नाही, कोणी म्हणे दोन हजारांनी बसणार. पेन्सिल कोणाच्याच हातात नव्हती.

मग तारीख बघ. ती 2025 ची शुल्कसूट आधी 30 सप्टेंबरपर्यंत होती. तेव्हा आपल्याकडे मे महिन्यात लावलेला बागायती कापूस नुकता फुटत होता. पुढे मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली आणि दिवाळीची वेचणीही त्यात सापडली. सूट तीच, पण माल कोणाच्या घरात आहे त्यावर परिणाम बदलतो.

एका वर्षाचा दाखला देऊन मोकळा होऊ नको. 14 एप्रिल 2022 लाही हेच शुल्क उठलं होतं, आणि मे महिन्यात रुई खंडीला लाखावर गेली! जगातच माल महाग होता, शुल्क काढून काय स्वस्त होणार? तो भाव डोक्यात धरून मी पुढच्या वर्षी पुढची खोली कापसाने भरली. क्विंटलला बारा हजारांची वाट बघत उन्हाळा आला, नातवंडांच्या अंगाला खाज सुटली, आणि शेवटी सात हजारांना गाडी भरली. तुझी मामी अजून ऐकवते.

बाजार समितीच्या आकड्यांवर भागवू नको. खेडा खरेदीवाला दारात काय देतो ते त्यात दिसत नाही. जामनेर, पारोळा, शिंदखेडा फिर, काटापावत्या बघ. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 होता, तरी ओलावा 8 टक्क्यांवर गेला की भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) कपात करते, 12 वर गेला की घेतच नाही. भिजलेली वेचणी घेऊन माणूस जातो कुठे, हे तुझ्या कागदात यायला हवं.

आणि कागद कोणाच्या पैशाने लिहिला ते पहिल्या पानावर टाक. गिरण्या म्हणतात शुल्क काढा, शेतकरी म्हणतात ठेवा. दोघांचेही आकडे खरे असू शकतात, गिरणी सुताचा हिशेब मांडते, शेतकरी वेचणीच्या मजुरीचा. तुझ्या कंपनीच्या सभासदांच्या घरातही कापूसच आहे. त्यांना न आवडणारा आकडा निघाला तर खोडू नको.

निर्णयाची वाट बघत बसू नको. गिरण्यांची मागणी पेपरात आली त्याच दिवशी वही उघड. 2025 ला सूट देणारी अधिसूचना 18 ऑगस्टला निघाली आणि 19 ला लागू झाली. मधे एक रात्र होती.