अक्षररूप संख्येचे मूल्य

म्हैसूर जिल्ह्यातील सोसले या गावी एखाद्या पावतीवर कन्नड अंकांत तीनशे पंचाहत्तर रुपये लिहिले, तर वाचणाऱ्यास त्यांचे मूल्य तत्काळ कळते. संगणकाला मात्र तेथे केवळ तीन चिन्हे दिसतात. अशा चिन्हांची बेरीज सांगितल्यास काही संगणकभाषा ती एकापुढे एक जोडतात; १२ आणि ५ मिळून १७ न होता १२५ होतात.

युनिकोड या संकेतपद्धतीत प्रत्येक चिन्हास क्रमांक आहे. कन्नड शून्याचा ३३०२, देवनागरी शून्याचा २४०६, आंतरराष्ट्रीय शून्याचा ४८. उरलेले नऊ अंक आपापल्या शून्यामागून ओळीने येतात. यास्तव चिन्हाच्या क्रमांकातून त्याच लिपीतील शून्याचा क्रमांक वजा करावा. कन्नड तिनाचा क्रमांक ३३०५. त्यातून ३३०२ गेले, राहिले ३. मग डावीकडून पुढे जाताना हाती असलेली संख्या दहाने गुणून तीत नवा अंक मिळवावा: ३, ३७, ३७५. (नियमाने अक्षरांची संख्या करणे कर्नाटक संगीतास जुनेच आहे. कटपयादि पद्धतीत ‘धीरशंकराभरण’ यातील ‘धी’ म्हणजे ९, ‘र’ म्हणजे २. उलट वाचता २९, आणि तोच त्या मेळाचा क्रमांक.)

खरा धोका स्वल्पविरामाचा आहे. सी भाषेतील ‘एटॉय’ हे साधन, आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेले दीड लाख ‘१,५०,०००’ असे स्वल्पविरामांसह दिले, तर पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते आणि १ हे उत्तर देते. तक्रार करीत नाही. पायथन भाषेतील ‘इंट’ कन्नड व देवनागरी अंकही स्वीकारते, परंतु स्वल्पविराम दिसताच चूक दाखवून थांबते. हिशेबाच्या कामी आम्हांस हेच अधिक बरे वाटते.