हुक्का आणि शुइयानदाइ : अलंकरणाच्या वाचनासंबंधी एक टिपण

पाण्यातून धूर ओढण्याचे तत्त्व समान असल्यामुळे चिनी कथेतील ‘शुइयानदाइ’साठी मराठी अनुवादक सहजच ‘हुक्का’ हा शब्द योजील. परंतु एका शब्दाखाली आलेल्या या दोन वस्तूंचा समाजातील व्यवहार भिन्न आहे; त्यांचे अलंकरण या भिन्नतेची साक्ष देते.

मराठी, कन्नड व तेलुगू यांच्या सीमेवरील बीदरचे उदाहरण घेऊ. बिदरी हुक्क्याचे पात्र जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे असते. ते ओतून, कोरून त्यात चांदी ठोकतात. मग किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप चोळला की धातू काळा पडतो, चांदी शुभ्रच राहते. सतराव्या शतकातील पात्रे गोल असून कड्यावर ठेवली जात. पुढे अठराव्या शतकात सपाट बुडाचा घंटाकार घाट रूढ झाला. हे पात्र बैठकीत जमिनीवर राही, लांब नळी मात्र ओढणाऱ्याच्या हाती असे. भोवतालच्या प्रत्येकाला ते दुरून दिसे. म्हणूनच त्यावरील फुलझाडे चहूबाजूंनी समान अंतराने पुन्हापुन्हा येतात. त्यांना सुरुवात नाही, शेवटही नाही.

चिंग काळातील चिनी नळी हातात मावणारी. ती बहुधा ‘पांढऱ्या तांब्या’ची, म्हणजे तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूची. पाण्याची टाकी, तंबाखूची डबी आणि सफाईच्या साधनांची जागा एकाच बैठकीवर असते. चिमूटभर तंबाखू भरायची, दोन-चार झुरके घ्यायचे, राख फुंकून पुन्हा भरायची, असा तिचा क्रम. दर खेपेस वस्तू डोळ्यांजवळ येते. साहजिकच तिच्यावर अक्षरे व काव्यपंक्ती कोरल्या गेल्या. शिवाय चिनी अलंकरणात श्लेषही असतो : ‘वटवाघूळ’ आणि ‘सौभाग्य’ हे दोन्ही शब्द ‘फू’ असेच उच्चारले जात असल्याने वटवाघळाचे चित्र हा शुभाशीर्वाद ठरतो. ते चित्र पाहायचे तसेच ऐकायचेही.

सारांश, बिदरी अलंकरण मंडळीला उद्देशून आहे, तर चिनी अलंकरण हाती धरणाऱ्या वाचकाला. चिनी कथेतील एकांतात बसलेल्या पात्राच्या हाती आपण ‘हुक्का’ दिला, तर त्याच्याभोवती नकळत बैठक जमते आणि प्रसंगाचा अर्थ पालटतो. ‘हातातली पाणनळी’ असा साधा शब्दप्रयोग येथे अधिक प्रामाणिक होय. तौलनिक अभ्यासात वस्तूचे नाव जुळले म्हणून वस्तू जुळली असे मानता येत नाही. ती कोण, कुठे आणि किती जवळून पाहतो, हे आधी विचारले पाहिजे.