इंजिनं सोड, वाघिणी बघ

अगं, नणंदेकडे लॉस एंजेलिसला चाललीच आहेस, तर एक गोष्ट विमानात बसायच्या आधीच घरात सांगून टाक: एक अख्खा दिवस माझा. ‘बघू, जमलं तर’ असं मोघम बोललीस की तो दिवस मॉलमध्ये गेलाच म्हणून समज. नवऱ्याच्या क्रिकेटला कोणी कारण विचारत नाही. आपण एचओचे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या मापाचे, मॉडेल रेल्वेचे डबे रंगवायला बसलो की मात्र ‘हे काय पोरखेळ!’ हसू देत. तू दिवस मागून घे.

आणि त्या दिवशी तेहाचापीच्या रेल्वेघाटात जा. गाडीने दोन-अडीच तास. १८७६ साली पुरा झालेला, मुख्यतः चिनी मजुरांच्या हातांनी खोदला गेलेला इथला रेल्वेमार्ग एका टेकडीला वळसा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जातो. वळसा ३,७७९ फुटांचा, त्यात ७७ फुटांची चढण. गाडी त्याहून लांब असली, आणि तिथल्या कितीतरी असतातच, की इंजिनं वरच्या रुळावर नि त्याच गाडीच्या वाघिणी खाली नऊ नंबरच्या बोगद्यात. चढावर भाळू नकोस बरं का. तिथला पन्नासास एक, आपला बोरघाट सदतिसास एक. कर्जतला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागताना तू पाहिलेत. तेहाचापीला गाडीच्या मध्ये नि शेवटी इंजिनं जोडतात आणि पुढचा ड्रायव्हर ती रेडिओवरून चालवतो.

या घाटातून रोजची प्रवासी गाडी जात नाही. बेकर्सफील्डला उतरलेले लोक लॉस एंजेलिसला बसने जातात. त्यामुळे वेळापत्रक विसर. कधी तासभर शुकशुकाट, कधी पाठोपाठ. डबा, पाणी, टोपी घे. वारा तिथे फार.

आता खरं सांगायचंय ते. युनियन पॅसिफिकचं पिवळं किंवा बीएनएसएफचं नारिंगी इंजिन आलं की कॅमेरा आपोआप वर जाईल. काढ एक फोटो आणि थांब. इंजिन दुकानात रंगासकट मिळतं, मळ मिळत नाही. म्हणून वाघिणींकडे बघ. चाकांनी उडवलेली घाण डब्याच्या टोकाच्या भिंतीवर दोन उभ्या पट्ट्यांत बसलेली असते. आपण मात्र सगळ्या डब्यावर सारखा तपकिरी फवारा मारून मोकळे होतो. सिमेंटच्या हॉपरवर झाकणापासून खाली उतरलेले पांढुरके ओघळ बघ. पोरांनी रंगवलेल्या चित्रांवर रेल्वेने पुन्हा नंबर टाकायला मारलेला चौकोनी पट्टा बघ. नंबराआधीच्या अक्षरांत शेवटी एक्स असेल तर वाघीण रेल्वेची नाही, खासगी मालकाची. टँकरवर बहुधा हेच दिसेल. फोटो अगदी समोरून, काटकोनात काढ, म्हणजे घरी मापं घेता येतील.

हे सगळं रस्त्याकडेच्या बघायच्या जागेवरून जमतं. रुळांवर उतरायचं नाही, ती कंपनीची हद्द आहे. शेजारी कॅमेरा घेतलेला कोणी आजोबा भेटला तर तोंड मात्र उघड. पुढची गाडी कुठून येतेय ते त्याला नक्की ठाऊक असतं.

सॅन डिएगोला जाणार असाल तर बाल्बोआ पार्कातलं रेल्वे मॉडेलचं संग्रहालय चुकवू नकोस. ला मेसा क्लबने हाच घाट एचओमध्ये उभा केलाय. तो बघून तुला घरी तसाच वळसा घालायची हुक्की येईल, म्हणून आधीच हिशेब ऐक: सत्त्याऐंशीने भागलं तरी रूळ त्रेचाळीस फूट आणि वर्तुळाचा व्यास जवळजवळ चौदा फूट. तुझ्या त्या खोलीत एक तर वळसा राहील, नाही तर पलंग. तेव्हा वळसा सोडून दे. बोगद्याचं तोंड, थोडा चढ आणि नीट मळवलेल्या डझनभर वाघिणी एवढंच कर; त्यात तेहाचापी ओळखू येईल.

आणि नणंदेला आजच फोन लाव, त्यांचे शनिवार-रविवार भराभर भरतात.